चिमीच्या पाठीवरचे पराग

मित्रांनो, मी केशरी फुलांची लिली. भातकुली रस्त्यावर दुर्गाबाईंची रोपवाटिका आहे, तिथे एका कंदातून मी वर आले. दुर्गाबाई मला जपून वाढवायच्या. माझ्यात काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि मलाही.

थंडीत मंजुषाताईंनी मला राजापेठेतल्या घरी नेलं. त्या बडनेरा स्टेशनवर तिकीट खिडकीत नोकरीला. घरात त्यांचे वडील खुशालराव आणि चिमी नावाची पांढरी मांजर. मंजुषाताईंची आई गेल्यापासून खुशालराव कोणाशी फारसं बोलत नसत. चिमीशी मात्र बोलायचे. "चाल वं चिमे, पेपर वाचू," म्हणत तिला घेऊन गॅलरीत बसायचे.

पंधरा दिवसांनी मी फुलले. शेजारणी येऊन फोटो काढून गेल्या. मला फार अभिमान वाटला.

एका सकाळी चिमी माझ्या फुलांना अंग घासून गेली. तिच्या पाठीवर माझे पराग लागले.

"पाय वं मंजू, चिमीनं हळद लावली!" खुशालराव कितीतरी महिन्यांनी मोठ्यानं हसले. चिमी उन्हात बसून अंग चाटत राहिली.

दुपारी ती ओकली. "दूध नासकं असन," खुशालराव म्हणाले. संध्याकाळी ओकणं थांबलं, सगळे निर्धास्त झाले. दुसऱ्या दिवशी ती काही खाईना, नुसती पाण्याच्या वाटीपाशी बसून राहिली. तिसऱ्या दिवशी तिला डॉक्टरांकडे नेलं. परत आले ते बापलेकच; चिमीला दवाखान्यात ठेवून घेतलं होतं.

मंजुषाताईंनी माझ्याकडे पाहिलं. "बाबा, डॉक्टर म्हणाले तेच खरं, हे लिलीनं झालं. पान, फूल, पराग, सगळंच मांजरीले विष. किडन्या गेल्या तिच्या, आता वाचाची आशा नाही. पयल्याच दिवशी नेलं असतं तर कदाचित वाचली असती."

खुशालराव खाली बसले. "मी हासलो वं मंजू. पुसून टाकाचं सोडून हासत बसलो."

दोन दिवसांनी दवाखान्यातच चिमी गेली.

खुशालरावांनी मला फेकलं नाही. ऑटोत मांडीवर घेऊन ते दुर्गाबाईंकडे आले. "हे वापस घ्या. घरी मांजर असन त्याले देऊ नका."

दुर्गाबाईंचा चेहरा उतरला. "काका, मले खरंच मालूम नव्हतं."

"मले तरी कुठं होतं," एवढंच बोलून ते निघून गेले.

मित्रांनो, मी कोणाचं वाईट चिंतलं नाही, तरी एक जीव माझ्यामुळे गेला. झाड घरी आणण्याआधी ते घरातल्या प्राण्यांना चालतं का, हे विचारा. आणि मांजरीनं माझं पान चावलं, पराग चाटले, तर ती बरी दिसते म्हणून थांबू नका. त्याच क्षणी दवाखाना गाठा.

काल एका बाईंनी माझी कुंडी उचलली. "घरी मांजर हाये का? हे मांजरीले विष हाये," दुर्गाबाईंनी विचारलं. "हाये," म्हणत बाईंनी कुंडी खाली ठेवली आणि झेंडू घेऊन गेल्या.

मी तिथेच राहिले. बरं झालं.