कलम जगलं

"भाऊजी, कोपऱ्यातल्या पेरूला कलम बांधा. एवढं तरी धड होऊ दे," असं धाकट्या दिरांना सांगून वहिनी बागेला पाणी सोडायला निघून गेल्या.

भाऊजींचं आयुष्य छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेलेलं. निवृत्त झाल्यावर उन्हाळ्यापुरते म्हणून ते थोरल्या भावाच्या शेतावर आले आणि रमले. पण हातून एक काम सरळ होईना. तण समजून मिरचीची रोपं उपटली. पाखरं हाकलायला बसवलं, तर पुस्तकात डोकं घालून पाखरांना रान मोकळं करून दिलं. आता त्यांची खोली फळांच्या पेट्यांना हवी होती. माणूस कामाचा असेल तर पेट्या पडवीतही राहतील, असं वहिनींनी जेवण वाढता वाढता सुचवलं होतं. शहरातल्या खोलीवर परतायचं भाऊजींच्या अगदी जिवावर आलं होतं. तिथे त्यांच्याशी बोलायला फक्त गळका नळ होता.

पेरूपाशी चाकू, प्लॅस्टिकची पट्टी आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या काड्या होत्या. काड्या जळणाच्या असाव्यात म्हणून त्यांनी बाजूला ठेवल्या आणि गोणपाट उन्हासाठी डोक्यावर घेतलं. कलम म्हणजे लेखणी, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. ती झाडाला कशाला, हे विचारावं तर अज्ञान उघडं पडणार. त्यांनी खिशातलं शाईचं पेन काढलं, फांदीला खाच पाडून तिच्यात खोचलं आणि फाटका शब्दकोश शिवावा तितक्या निगुतीने पट्टी गुंडाळली.

संध्याकाळी वहिनींनी ते पेन हलवून पाहिलं. गाठ मात्र छान बसलीय, एवढंच म्हणाल्या. भावाने पेट्या धुवायला काढल्या.

पेट्या वाळताहेत तोवर पेनाला पालवी फुटली. पाठोपाठ टोपणाच्या क्लिपला कळी आली. भावाने झाडाखाली येऊन पालवी बोटाने चाचपून पाहिली. त्याची निम्मी कलमं दरवर्षी वाळून जात. वहिनींनी पाणी घालायला सांगितलं. पाण्यापेक्षा शाई बरी, असं भाऊजींना वाटलं. पण खात्री नव्हती, म्हणून त्यांनी दोन्ही घातलं.

पेरू धरला तो एकच. पिकल्यावर वहिनींनी तो ओट्यावर कापला. आत गर्द निळा गर आणि ओळीने बसलेल्या बिया. तिसऱ्या ओळीतली एक बी उलटी आहे, हे भाऊजींच्या लगेच लक्षात आलं, पण चूक दाखवायची ही वेळ नव्हती. त्यांनी आपली पिशवी आधीच भरून दाराशी आणून ठेवली होती.

वहिनींनी फोडीला मीठ लावलं आणि ती सावकाश चावून खाल्ली. त्यांचे ओठ निळे झाले.

"आंबट आहे," त्या म्हणाल्या. भाऊजींनी पिशवीचे बंद हातात घेतले. वहिनींनी दुसरी फोड उचलली.

"पुढच्या उन्हाळ्यात शिसपेन्सिल बांधून बघा."

भाऊजींनी पिशवी उचलली आणि परत आत नेऊन ठेवली. भाऊ पेट्या पडवीत रचायला लागला.