कंपनीशी बोला

माझ्या दिराचं जहाज समुद्री चाच्यांनी पकडलं, त्याला चौथा महिना लागला होता. तोवर आमच्या घरात मोबाइल हाच कर्ता माणूस झाला होता आणि बाकी आम्ही सगळे त्याच्या तैनातीला. फोन सासऱ्यांचा. जेवणाच्या टेबलावर, कायम चार्जरला लावलेला. ताटं त्याच्या बाजूने मांडायची, पाण्याचा तांब्या त्याच्यापासून लांब. दीर जहाजावरून नेहमी याच नंबरवर फोन करायचा, त्यामुळे फोन आला तर इथेच येणार, असं जहाजाच्या कंपनीच्या माणसाने सांगून ठेवलं होतं.

हा माणूस अधूनमधून चक्कर टाकायचा. शर्टाला अशी कडक इस्त्री, की आम्ही त्याचं नावच इस्त्रीवाले ठेवलं होतं. माणूस वाईट नव्हता. बसायचा, चहा घ्यायचा, आणि जे सांगायचं ते न घुटमळता सांगायचा.

"ते लोक मुलाच्या हातात फोन देतील," तो पहिल्याच भेटीत म्हणाला होता. "तो रडेल, मला सोडवा म्हणेल. तुम्ही इकडे रडलात की त्यांना कळतं, घरचे हलले, आता ताणून धरू. मग सुटका लांबते. बोलणी फक्त कंपनी करणार. तुम्ही एवढंच म्हणायचं, कंपनीशी बोला, आणि फोन ठेवायचा."

"आणि नाही ठेवला तर?" सासऱ्यांनी विचारलं.

"तर ते रोज करतील. आणि दर वेळी फोन द्यायच्या आधी त्याला मारतील."

मग त्याने आमची तालीम घेतली. खरंच, नाटकाची घेतात तशी. तो आत स्वयंपाकघरात जाऊन तिथून फोन लावणार, दीर होऊन बोलणार, आणि आम्ही एकेकाने बाहेर उचलायचा. सासरे आयुष्यभर नकाशे काढायच्या कचेरीत होते, ते म्हणाले, "जरा थांबा हं, पेन घेतो." माझा नवरा फोन कानाला लावून नुसता उभा राहिला. सासूबाईंना भिंतीपलीकडून त्या माणसाचा खरा आवाजही ऐकू येत होता, तरी तो "आई" म्हणाल्याबरोबर त्यांनी विचारलं, "जेवलास का रे बाळा?" दोनदा, तीनदा करून बघितलं. दर वेळी तेच, आणि शेवटी त्या परक्या माणसाला तब्येतीला जपायला सांगून डोळ्यांना फडकं लावून बसल्या.

मला मात्र पहिल्या फटक्यात जमलं. जमणारच. मी पाणीपुरवठ्याच्या तक्रार खिडकीवर बसते. नळाला पाणी नाही म्हणून दिवसभर लोक फोनवर माझ्या नावाने शंख करतात आणि मी त्यांचे फोन ठेवत असते. "ताई, अगदी असंच," इस्त्रीवाले बाहेर येऊन म्हणाले. घरातल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. फोन मी उचलायचा हे तिथेच ठरलं, कुणी तोंडाने म्हटलंसुद्धा नाही. घरात एक दगड लागतोच, आमच्या घरात तो मी.

मी या घरात आले तेव्हा दीर शाळेत होता. त्याचा अभ्यास मी घेतला, त्याने पहिल्यांदा दाढी केली तेव्हा गालाला कापूस मी लावला. जहाजावर इलेक्ट्रिशियन झाल्यावरही फोनवर आईशी दोन वाक्यं बोलून झाली, की "दे वहिनीला" म्हणायचा आणि माझी टर उडवत बसायचा. पण हे इस्त्रीवाल्यांना कुठे माहीत, आणि घरच्यांना त्या वेळी आठवून उपयोग नव्हता.

मग नुसतं वाट बघणं. अनोळखी नंबर दिसला की मी हातातलं टाकून उचलायचे. एकदा विमावाली निघाली. मी तिलाही म्हटलं, "कंपनीशी बोला." ती बिचारी म्हणाली, "मॅडम, मी कंपनीतूनच बोलतेय." आम्ही तेव्हा हसलो. त्या महिन्यांत हसलो असू तर तेवढंच. सासूबाई दुपारी फोनसमोर बसून पुटपुटायच्या, मला वाटायचं जप चाललाय. मी कामावरून आले की थकून त्याच टेबलावर डोकं टेकायचे, आणि फोन नुसता थरथरला तरी दचकून उठायचे.

तो फोन आला एका सुट्टीच्या दिवशी, सकाळी. सासूबाई भाजी निवडत होत्या. पडद्यावर भलामोठा नंबर. मी उचलला.

खरखर झाली. मग, "वहिनी, मी."

आवाज बसला होता, पण त्याचाच होता. मी म्हटलं, "कंपनीशी बोला."

"माहितीये मला. तुला तसं सांगितलं असणार. फक्त आईला दे ना. एकदा तिचा आवाज ऐकू दे."

त्याच्यामागे कुणीतरी ओरडलं. मी फोन ठेवला.

लगेच पुन्हा वाजला. नवरा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मी उचलला. या वेळी तो बोललाच नाही, नुसता रडत होता. खरा रडत होता की रडायला लावलं होतं, कोण जाणे. मध्येच "आई" एवढं ऐकू आलं. मी माझं वाक्य म्हटलं आणि ठेवला.

तिसऱ्यांदा वाजला. सासूबाईंनी हात फडक्याला पुसले आणि एक हात माझ्यापुढे केला.

"आई, नको," मी म्हटलं. "त्याला मारतील."

"दे इकडे."

चार महिने जे सांभाळलं ते आता पाण्यात जाणार, हे मला दिसत होतं. तरी मी दिला. तिसऱ्यांदा मला जमलं नसतं, खरं कारण एवढंच.

त्यांनी फोन कानाला लावला. पलीकडून तो काय म्हणाला ते मला कळलं नाही, पण त्यांचे डोळे मिटले. वाटलं, झालं, आता जेवलास का विचारणार.

"कंपनीशी बोला," त्या म्हणाल्या.

अगदी सावकाश म्हणाल्या, एकेक अक्षर सुटं करून. ज्या पोराला जन्मात कधी "तू"शिवाय हाक मारली नाही, त्याला "बोला" म्हणाल्या. आवाज जराही हलला नाही. मग त्या बटण शोधायला लागल्या. चष्मा नव्हता, अंगठा भलतीकडेच पडत होता, आणि आतून त्याचा आवाज येतच होता. मी त्यांच्या अंगठ्यावर माझा अंगठा ठेवून दाबला.

फोन टेबलावर ठेवून त्या खुर्चीत बसल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "रोज दुपारी म्हणून बघत होते. नीट म्हटलं ना गं मी?"

"नीट म्हणालात, आई."

"ऐकू गेलं असेल ना त्याला?"

मी हो म्हटलं. आम्ही दोघी त्या फोनकडे बघत बसलो. तो पुन्हा वाजू नये म्हणून तर आम्ही एवढं केलं होतं, आणि तो वाजावा असं दोघींनाही वाटत होतं. तो वाजला नाही.