चाचणीतला आवाज

मी गेनचा नॉब बोलतोय. माइकमधून आलेला आवाज यंत्रात किती जोरात शिरू द्यायचा, हे माझ्यावर ठरतं. मला जास्त फिरवलंत तर वरचा स्वर फाटतो आणि मग तो शिवता येत नाही. कमी फिरवलंत तर आवाज यंत्राच्या खरखरीला जाऊन चिकटतो. या दोन्हींच्या मधे माझा जन्म चाललाय, चैन कसली ती नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या कडेला बारीक रेघा होत्या. रेकॉर्डिस्टच्या अंगठ्याने त्या झिजल्या. माणूस भला, पण दुधाने तोंड पोळलेला. एकदा एका गायकाचा स्वर त्याच्या हातून फाटला, तेव्हापासून ताकही फुंकून पितो. मला सदा मागेच ओढतो. कमी घेतलेलं नंतर वाढवता येतं, असं त्याचं म्हणणं.

एका दुपारी गाण्याच्या बाई लेकीला घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घशाचं ऑपरेशन होतं आणि आवाज राहील याची हमी डॉक्टरांनी दिली नव्हती. लेकीला आईचं एक गाणं जपून ठेवायचं होतं.

गाण्याआधी आवाजाच्या चाचणीला बाईंनी सगळ्यात वरची ओळ खणखणीत लावली. रेकॉर्डिस्ट दचकला, त्याने मला आणखी मागे ओढलं. मग खरं गाणं सुरू झालं आणि बाई जेमतेम कुजबुजल्या. होतं नव्हतं ते बळ चाचणीतच संपलं होतं.

मी तळमळत होतो. फिरव ना रे बाबा! त्याची बोटं माझ्यावर आली, पण मध्येच फिरवलं तर गाण्यात धक्का ऐकू येतो, म्हणून त्याने हात मागे घेतला. दुसऱ्यांदा गायला बाईंना घसा उरला नाही.

नंतर त्याने आवाज वाढवला, तर खरखरही तेवढीच वाढली. ती पुसायला गेला, तर तिच्याबरोबर शब्दांची टोकं आणि बाईंचे श्वासही पुसले गेले.

महिन्याने बाई लेकीबरोबर आल्या. गळ्याला पट्टी, हातात वही. आवाज गेला होता. खरखर पुसलेलं गाणं ऐकून त्यांनी वहीत लिहिलं, ते लेकीने वाचलं, "ही कोण गातेय?"

त्याने मग खरखरीसकट ऐकवलं. लेक म्हणाली, "हेच द्या."

"चूक माझी झाली, बाई," रेकॉर्डिस्ट म्हणाला.

बाईंनी पुन्हा लिहिलं. या वेळी लेकीला मोठ्याने वाचता येईना, वही त्याच्याकडे सरकवली. त्याने वाचलं, "माझी. लेक घाबरू नये म्हणून चाचणीला जोर केला."

तेव्हापासून कुणी माइकसमोर बसलं की माझा जीव खालीवर होतो. विनंती एवढीच, आपल्या माणसांपुढे धीटपणाचं सोंग आणू नका. असेल तेवढाच आवाज दाखवा. कमी असला तर मी पुढे सरकेन की.