घर काय म्हणतं

खोडाळ्याच्या बाजारात मिठाच्या ढिगापाशी बाबल्या भेटला आणि हसत हसत म्हणाला, "काकी, तू साफ ठेवायला सांगितलेली पन्हळ भरून वाहते गं. गोठ्याकडच्या भिंतीवर धार लागलीय नुसती. आन् चैतीच्या हातरुणावर रोज सकाळी पीठ पडतं. पिवळं पीठ. झाडलं की पुन्यांदा पडतं."

नवशीच्या ओंजळीतलं मीठ पदरात पडायचं ते चिखलात पडलं.

"चैती कुठं निजते?"

"तिथंच, गोठ्याच्या अंगाला. ऊब असते ना. दिवस भरलेत, आज-उद्या सुटेल ती. म्हणून तर तेल-मीठ न्यायला आलो."

"चल," नवशी म्हणाली.

"अगं, तेल घेऊ दे!"

"तेल राहू दे. चल तू."

नवशी घरं वाचायची. तिचा नवरा छपरं शाकारायचा. तो वारला. छपरावर चढायला बायकांना मुभा नव्हती, म्हणून तिने छपराखाली उभं राहून घर ओळखायची कला धरली. चैत्र-वैशाखात जव्हारच्या हद्दीतल्या पाड्यापाड्यांवर ती जायची. जमिनीवर राख पसरायची, वरून घागरभर पाणी ओतायला लावायची आणि राखेत पडलेल्या टिपक्यांवरून सांगायची, इथे गवताचे इतके भारे, इथे नवा वासा, इथली पन्हळ कुजली. मग खांबाला कान लावायची. लोक थट्टेने विचारायचे, काय म्हणतं घर? ती सांगेल तसं लोक करायचे.

बाबल्याच्या घरीही ती वैशाखात गेली होती. तिथल्या तुळईला, म्हणजे छपराचा सगळा भार पेलणाऱ्या आडव्या लाकडाला, तिने कान लावला होता. आत कुरकुर चालली होती. एक नाही, शंभर तोंडं चावत होती. साग तोडायला संस्थानची मनाई, म्हणून बाबल्याच्या बापाने तुळईसाठी सावरीचं झाड पाडलं होतं, आणि तेही बाबल्याच्या लग्नाच्या घाईत, भर चांदण्यात. अवसेला तोडलेलं लाकूड टिकतं, चांदण्यात तोडलेल्याला भुंगा लागून आतून पीठ होतं, हे पाड्यावरचं शेंबडं पोरही जाणतं. पण लगीन काही अवसेची वाट बघेना.

नवशी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबल्याची बायको चैती समोर येऊन उभी राहिली. सातवा महिना, केसात कुड्याचं फूल. "काय म्हणतं काकी घर?"

गर्भारशीपुढे वंगाळ बोलू नये. आणि ती पोटुशी असेतो घराच्या लाकडाला घाव घालू नये. नवशीने दोन्ही रीती मनात तोलल्या आणि हसून म्हणाली, "म्हणतं, पावसाळा निघेल. गवताचे चाळीस भारे आणा, पन्हळ साफ ठेवा."

बास. तुळईचं नावसुद्धा काढलं नव्हतं तिने.

आता आषाढ अर्धा सरला होता. पाऊस बारा दिवस कोसळून आज दुपारी जरा थबकला होता. बांधावरून नवशी पळत होती. वाटेतला ओढा कमरेएवढा होता, तो तिने बाबल्याचा हात न धरताच ओलांडला. डोळ्यांपुढे एकच दिसत होतं. पिवळं पीठ, आणि त्याच्याखाली चैतीचं तोंड.

अंगणात बाबल्याची आई हौशी उभी होती. "तेल कुठाय?" तिने लेकाला विचारलं. "कळा सुरू झाल्या हिच्या. सुईण आत बसलीय. आन् ही कशाला आली?"

नवशी थेट आत शिरली. चैती खांबाला पाठ लावून बसली होती, कपाळ घामाने भिजलेलं. वर तुळई होती. गोठ्याचं आणि घराचं छप्पर मिळतं तिथे माडाचं खोड कोरून केलेली पन्हळ होती. ती ऐनाच्या पानांनी गच्च तुंबली होती आणि सगळं पाणी तुळईच्या टोकावर उतरत होतं. नवशीने विळ्याचं टोक लाकडाला लावलं. दाबलंही नाही. भिजलेल्या भाकरीत जावं तसं ते वीतभर आत गेलं.

तिने विळा हळूच उपसून घेतला. ती बाहेर आली.

"हौशे, चैतीला उचलून शेजारी माघ्याच्या घरी नेऊ. तुळई जाणार."

"कळा लागलेली बाई उंबरा ओलांडते का कुठं?"

"मग तुळई पडेल तिच्यावर. कोपऱ्यात सरकवली तरी छप्पर येईलच खाली."

"वैशाखात काय डोळे नाचणीबरोबर पेरले व्हते?" हौशी कडाडली. "तूच म्हणालीस ना पावसाळा निघेल!"

नवशीला वाटलं, जमिनीने गिळावं. "ऐकलं व्हतं मी," ती म्हणाली. "तेव्हाच ऐकलं. बोलले नाही."

आतून चैती कण्हली. त्याच्याबरोबर वरून कट् असा बारीक आवाज झाला.

"काय करू ते सांग," हौशीचा आवाज एकदम खाली आला. "शिव्या मी मागनं देईन."

"बाबल्या, शिडीवर चढ. हाताने पानं काढ, ठोकू नको. पन्हळ मोकळी कर. हौशे, टेकू लागेल. उभा खांब."

टेकू मिळाला. बाबल्याच्या लग्नातला मांडवाचा खांब वळचणीला पडून होता, त्याच्यावर हळदीचे बोटांचे ठसे अजून होते. दोघींनी तो आत आणून तुळईखाली उभा केला. चार बोटं कमी पडला.

"पाचर ठोकली की झालं," बाबल्या शिडीवरून म्हणाला.

"ठोकायचं नाय!" सुईण चैतीपाशी बसूनच ओरडली. "बाळाच्या अंगावर घाव उमटंल."

नवशीलाही ठोकायला नको होतं. रीत होतीच, पण एका ठोक्याने ती पोकळ तुळई भुसा होऊन खाली आली असती. ती चुलीकडे वळली. चुलीवरच्या माळ्यावर सावरीचा एक ओंडका होता, वर्षभर धूर खाऊन हाडासारखा सुकलेला.

तेवढ्यात पन्हळ मोकळी करून बाबल्या आत आला. "हा माघ्याच्या अंगणात ने आणि दोन पाचरी तासून आण. इथे कोयता चालवू नको. पळ."

तो येईपर्यंत नवशी खांब धरून उभी राहिली. भुसा तिच्या केसांत पडत होता, चैतीच्या पायांवर पडत होता. चैतीने वर बघितलं. "काकी, हे काय गं पडतं?"

नवशीने एका हाताने तिच्या पायांवरचा भुसा झाडला.

पाचरी आल्या. नवशीने त्या खांबाच्या बुडाखाली समोरासमोर हातानेच सरकवल्या, अंगठ्याने दाबल्या. फट भरली, पण भार अजून तुळईवरच होता. मग तिने ओलं फडकं पाचरींना गुंडाळलं आणि त्यावर ओंजळीने पाणी सोडायला लागली. सुकलं लाकूड पाणी पितं, आणि प्यायलं की फुगतं. पण वेळ लागतो. एका ओंजळीत होत नाही. म्हणून घाई होऊ नये एवढ्यासाठी ती ओंजळीच्या तालावर पुटपुटायला लागली:

"पी रे लाकडा पाणी, पी रे ओंजळ ओंजळ,
तुझ्या अंगाला येऊ दे भरल्या नदीचं बळ.
खांबा, ऱ्हाय उभा दादा, लेक बसली तुझ्या तळी,
तिच्या पोटीच्या कोंबावर पडू नको देऊ धुळी."

हौशी घागर घेऊन शेजारी उभी राहिली. नवशीची ओंजळ रिकामी झाली की ती भरायची. बाहेर पावसाने परत जोर धरला होता. वर कट्. पुन्हा कट्. चैती ओरडली की नवशीला कळेना, हा आवाज बाईचा की लाकडाचा. तिने खांबाला गाल लावला. खांब आधी मुका होता. मग त्याच्या अंगातून एक सूक्ष्म कंप गेला, ओझं डोक्यावर घेताना माणसाच्या मानेतून जातो तसा.

तेवढ्यात तुळईचं भिंतीतलं टोक निखळलं.

भुशाचा ढग उतरला. हौशी किंचाळली. सुईणीने चैतीला पोटाशी घेतलं. तुळई बोटभर खाली आली, मांडवाच्या खांबावर बसली, आणि थांबली. वरच्या दोन-तीन वाशांनी मान टाकली, गवताची एक पेंडी सुटून चुलीपुढे पडली. बाकी काही नाही. नवशी खांबाला मिठी मारून उभी होती, डोळे मिटून. तिने डोळे उघडलेच नाहीत, मूल रडल्याचा आवाज आला तरीही.

दिवे लागले तेव्हा ती अजून तिथेच होती. हौशीने तिच्या पुढ्यात पेजेची वाटी सरकवली. "खा," ती म्हणाली. "शिव्या पाचवीनंतर देईन. लक्षात हायेत सगळ्या."

चैती बाळाला कुशीत घेऊन पडली होती, आता पलीकडच्या कोपऱ्यात. तिने मान वळवली. आवाज अगदी बारीक होता.

"काकी, काय म्हणतं घर?"

नवशीने खांबाला कान लावला. आत, वर, कुरकुर चालूच होती. समोर ओली बाळंतीण होती, कुशीत तान्हं होतं, आणि वंगाळ बोलायची ही वेळ नव्हती.

"पोकळ झालंय म्हणतं," ती म्हणाली. "अजून भ्या वाटतं म्हणतं. पाच दिवस त्या कोपऱ्यातून हलू नको. पाचवी झाली की तुळई उतरवा, म्हणतं. मी इथंच आहे तोवर. खांबापाशी."

आणि तिने परत ओंजळ भरून फडक्यावर सोडली.