माफीत गेलेली घोडी

मी बोलतेय, बायनाबाई धनगरणीची घोडी. आता तसं म्हणायची सोय उरलेली नाही, तरी म्हणतेच.

कुंभार पिंपळगावच्या माळावर, मेंढरांच्या तळावर माझा जन्म झाला. तळ हलला की नुकती जन्मलेली कोकरं माझ्या पाठीवर, कोंबड्या बाजूला टांगलेल्या आणि वर बायनाबाईचं अंथरूण. ओझं असायचं, पण जीव लावणारी माणसं होती.

मग मेंढरांत रोग शिरला. बायनाबाईने बदनापूरच्या रामकिसनशेटकडून ऐंशी हाली रुपये, निजामाच्या नाण्यातले, उचलले आणि मला त्याच्याकडे तारण ठेवलं. तीन वर्षं त्याने मला टांग्याला जुंपलं. चारा असा टाकायचा की बैलानेही तोंड फिरवावं.

त्या साली आयकर नवानवा लागला होता. कर कमी पडावा म्हणून शेटने ते ऐंशी रुपये तोट्यात दाखवले. ‘बाई गरीब, कर्ज माफ,’ असं लिहिताना त्याने तोंड इतकं सोज्वळ केलं की मला शिसारी आली. माझं नाव मात्र कागदावर कुठेच नव्हतं.

माफीची बातमी बाजारात फुटली. बायनाबाई नारळ घेऊन धावत आली. नेमका तेव्हा कराचा अंमलदार ओसरीवर चहा पीत होता.

“देव भलं करो, शेट! माफ केलं म्हून ऐकलं. घोडी न्यायला आल्ते.”

“कोणती घोडी?” अंमलदाराने कप खाली ठेवला.

“माझीच हाये, साहेब. ही बाई उगीच...” शेट घाईने म्हणाला.

“तुमची कशी? तारण ठेवल्ती मी. बिलकुल खोटं न्हाई बोलत.”

मला वाटलं, सुटले. अंमलदाराने माझे दात पाहिले, साठ रुपये किंमत ठरवली आणि शेटला म्हणाला, “म्हणजे बुडाले वीसच. साठ वसूल धरतो. त्यावर कर भरा.”

शेटने कर भरला, पावती घेतली.

“अन् घोडी?” बायनाबाईने विचारलं.

“ते माझं काम नाही. अंबडच्या कोर्टात जा.”

शेट पावती हलवत हसला. “हिच्यावर कर भरला म्या, बाई. आता बराबर माझी झाली.”

थू तुमच्या कायद्यावर आणि दयेवर! त्या बाईच्या खऱ्या बोलण्यानेच मला तिच्यापासून तोडलं.

परवा बायनाबाईचा तळ रस्त्याने गेला. मी गळा फाटेस्तोवर खिंकाळले. शेट म्हणाला, “लई वरडती. बाजारात इकून टाका.”

विका. घेणाऱ्याने वाटेल तेवढं लादावं, उपाशीही ठेवावं. फक्त पुन्हा कोणाच्या माफीत मला धरू नये.