मोहरीबाबांचा पोकळ डबा

होळीच्या आदल्या दिवशी आमच्या भांडुपच्या चाळीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. मोहरीबाबा शेंगा फोडणार होते! मूल होत नसलेल्या जोडप्यात दोष कुणाचा, ते म्हणे शेंग सांगते.

संक्रांतीला बाबांनी जयवंत आणि त्याची बायको मालन यांच्या नावाने दोन डालड्याच्या डब्यांत मंतरलेली मोहरी पेरली होती. नवऱ्याचा डबा नळाजवळ सावलीत, बायकोचा संडासाच्या पत्र्यावर. बाबा म्हणाले, "पुरुष म्हणजे जल, स्त्री म्हणजे ज्वाला! ज्वालेला पाणी कशाला? दिवसाला एक पळी पुरे!" आम्ही शहाण्यांनी माना डोलावल्या. पत्र्यावर डबा चढवणारा गाढव मीच.

आधी जयवंतची शेंग फोडली, तर दाणेच दाणे. मालनच्या डब्यातली फुलं कधीच गळलेली. उरल्यासुरल्या शेंगा पोकळ.

"बघा, बाबांका सगळा कळता!" जयवंतची आई जानकीकाकू ओरडल्या. दोष निघाला तर सुनेची कायमची माहेरी रवानगी, असं ठरलेलंच होतं. ट्रंक दारात तयार. मालन मान खाली घालून उभी होती. मला माझीच लाज वाटली.

तेवढ्यात आमची ही, म्हणजे शाळेत विज्ञान शिकवणारी क्षमा, आणखी दोन डबे घेऊन आली.

"हेही संक्रांतीलाच पेरलेत. माझ्या मिसळणाच्या डब्यातली मोहरी, मंत्रबिंत्र काही नाही. हा मालनच्या नावाचा, नळाजवळ वाढवला. आणि हा पत्र्यावरचा, रोज एक पळी पाण्याचा... बाबा, तुमच्या नावाचा!"

मालनच्या शेंगेतून दाणे टपटपले. बाबांची शेंग फोडली, तर आत नुसता वारा!

"अगो बाय माझे, बाबाच वांझोटे!" शेजारची रुक्मिणीआजी किंचाळली, आणि चाळ अशी खदखदून हसली की बाबा "ग्रहमान, ग्रहमान" पुटपुटत चपला विसरून जिना उतरले.

"मोहरी थंडीचं पीक," क्षमा म्हणाली. "ऐन फुलोऱ्यात ऊन तापलं, पाणी तुटलं, की पराग मरतो, फूल गळतं, दाणा भरत नाही. निकाल बाबांनी डबे ठेवतानाच लावला होता."

जानकीकाकूंनी ट्रंक उचलली आणि स्वतःच आत नेऊन ठेवली. "चाय टाक गे," एवढंच सुनेला म्हणाल्या.

मंडळी, शेंग भरली नाही तर आधी बघा, ऊन किती लागलं, पाणी किती घातलं. आणि पाळणा हलला नाही तर डॉक्टरकडे जा. दोघंही जा.