एकेचाळिसावं मशीन

साहेबांनी पत्रक टेबलावर सरकवलं. “मिस्तरी, हे कुठल्या मशीनवरचं?”

शहरात टाइपरायटर एकेचाळीस, आणि दुरुस्त करणारा एकच. साम्राज्याने आमच्या देशातून चालतं व्हावं, असं पत्रकात सभ्य भाषेत लिहिलं होतं. मिस्तरीला फक्त ओळीखाली घसरलेलं अक्षर दिसलं. ते मशीन त्याच्या थोरल्या बहिणीच्या टायपिंग क्लासातलं. ‘अरे, तेवढी त्या अक्षराची दांडी वाकलीय, बघ,’ म्हणून ती तीन महिने मागे लागली होती. घरचं काम म्हणून तो ‘उद्या येतो’ म्हणत राहिला.

“बघून सांगतो.”

“संध्याकाळपर्यंत प्रत्येक मशीनचा नमुना आणा. सोबत हवालदार येईल. सापडलं तर सगळ्या प्रांताचं काम तुमचं.”

न सापडलं तर काय, हे साहेब बोलले नाहीत. साम्राज्य सुसंस्कृत होतं.

एकच दांडी सरळ केली असती तर हवालदाराच्या डोळ्यांत भरली असती. म्हणून मिस्तरीने पहिल्याच मशीनपासून रीत पाडली: खोलायचं, पुसायचं, तेल द्यायचं, सगळ्या दांड्या सरळ करायच्या, मग नमुना. कचेरी, बँक, गोदी, वकिलाचं घर. हात स्थिर होते.

“नमुनाच घ्यायचाय ना?” हवालदार जांभई देत म्हणाला. “लग्नाला उभं करायचं असल्यासारखं नटवताय काय?”

“घाणेरड्या मशीनचा नमुना खरा येत नाही.”

“असेल बुवा.”

चाळीस झाली. क्लासात एकाच मशीनवर आठ मुली पाळीने शिकत. ताईने चष्म्यावरून पाहिलं.

“आलास? तीन महिन्यांनी, आणि तेही वरात घेऊन. बहिणीचं घर दाखवायला पोलीस लागतो होय रे?”

“बाजूला हो, ताई.”

दांडी सरळ करायला अर्धं मिनिट लागलं. ताईने नमुना टाइप केला. अक्षर ओळीवर बसलं. तिची बोटं क्षणभर थांबली. मग कागद हवालदाराला देत, भावाकडे न बघता ती म्हणाली, “पुन्हा ही पायरी चढू नकोस.”

हवालदाराला वाईट वाटलं. हे बोलणं हवालदाराला ऐकवायला होतं की खरंच आपल्यासाठी, हे मिस्तरीला कळेना. विचारायची सोय नव्हती.

साहेबांनी सगळे नमुने भिंगाखाली पाहिले. “एकेचाळीस मशीनं, आणि एक अक्षर वाकडं नाही. आमच्या राजधानीतही असं नसतं.”

“आभारी आहे, साहेब.”

“आधी दुरुस्ती केलीत.”

“सवय आहे.”

पुरावा नव्हता, म्हणून अटक झाली नाही. सरकारी काम तेवढं गेलं.

सकाळी शिपायाने दुकानावरची सरकारी पाटी उतरवली. शेजारचा शिंपी वीस वर्षं त्याला सरकारचा जावई म्हणत आला होता. तो दारातून म्हणाला, “काय जावई, सासर तुटलं? काल घरोघर पोलीस फिरवलात, तरी?”

मिस्तरी पाटीचे उरलेले खिळे उपटत राहिला.

दहाला क्लासच्या मुली निघाल्या. रोज त्या ‘मामा’ म्हणून हाक मारत. आज पलीकडच्या कडेने चालल्या. एकीने मान वळवली, तर दुसरीने तिला कोपराने ढोसलं.

मिस्तरीने फडकं घेऊन हात पुसले. हातांना काही लागलेलं नव्हतं.